परत न आलेले सतरा

अमरावती, १२ जानेवारी २०२४

प्रिय हरिहरभाऊजी,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी विचारलं, वार्षिक अंकासाठी दोन पानं लिहाल का, तर तुम्ही म्हणालात, "हो हो, थंडी फारच आहे." त्याआधी जेवण झालं का विचारलं, त्यालाही "हो हो, उद्या पाठवतो." कानाचं यंत्र टेबलाच्या खणात ठेवून कानांना ऐकू येत नसतं, भाऊजी. तेव्हा फोन बंद. तुमचे दादा होते तेव्हासारखी पत्रंच लिहू. निदान तुमचं "हो" कशाला आहे ते मला कळेल.

आपल्या त्रैमासिकाला बारा वर्षं पूर्ण झाली. बुबुळाच्या विकारांवर, आणि तेही अमरावतीतून, वैद्यकीय नियतकालिक काढायचं दादांनी ठरवलं तेव्हा त्यांचे मित्र म्हणाले होते की पाचवा अंक निघाला तर पेढे वाटू. अठ्ठेचाळीस अंक निघाले, पेढे अजून यायचे आहेत. यंदा ९४ लेख आले. ३१ छापले, ६२ परत पाठवले, आणि एक तर आपल्याच अंकातला लेख होता, नाव बदलून पाठवलेला. लेख तपासून द्यायला आता अकरा राज्यांतले डॉक्टर आहेत. लेखकाला उत्तर जायला पूर्वी पाच महिने लागत, यंदा सात आठवडे लागले.

आता मुख्य गोष्ट. मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या यादीत येण्यासाठी आपण दिल्लीला अर्ज केलाय, त्याचा निर्णय सप्टेंबरात आहे. यादीत आलो तर तरुण डॉक्टर आपल्याकडे लेख पाठवतील आणि त्यांतूनच कुणीतरी पुढे संपादक होईल. नाही आलो तर तुमच्या-माझ्यामागे हे बंद पडणार. मी बहात्तर, तुम्ही अडुसष्ट. त्या अर्जात आपलं सगळ्यात मोठं बळ म्हणजे तुमचा २०१५ सालचा लेख. आपल्या अंकातल्या दुसऱ्या कुठल्याही लेखाचा दाखला इतरांनी इतक्या वेळा दिलेला नाही.

तर त्या लेखावर, तो कसा सुचला यावर, दोन पानं लिहा. डॉक्टरकीतलं मला ओ की ठो कळत नाही. मी संख्याशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका. बेरजा माझ्या, बुबुळं तुमची.

तुमची,
सरोजिनीवहिनी

---

अकोला, २५ जानेवारी २०२४

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

कानाचं यंत्र लावलं की सगळा अकोला एकदम डोक्यात शिरतो. ऑटोवाले, कूलर, शेजारची शिकवणी. त्यापेक्षा तुमची बोलणी कागदावर खाल्लेली बरी.

दोन पानं लिहितो, आनंदाने लिहितो. खरं सांगू? तो लेख म्हणजे माझ्या आयुष्यातलं एकमेव काम, जे दादांनी न खोडता छापलं. आपल्याकडे पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, काडी किंवा सोयाबीनचं कुसळ डोळ्यात जातं, बुबुळाला जखम होते, तिच्यात बुरशी धरते. पूर्वी आम्ही माणसाला दोन आठवडे दवाखान्यात ठेवत होतो. हंगामाच्या दिवसांत दोन आठवडे कोण राहतं? लोक तिसऱ्या दिवशी न सांगता पळून जात. म्हणून मी जखम धुऊन, औषध सुरू करून चौथ्या दिवशी घरी पाठवायला लागलो. दर तासाला थेंब घरीच टाकायचे, पंधराव्या दिवशी दाखवायला यायचं. बावन्न जणांपैकी एकेचाळीस बरे झाले. आज माझ्या माहितीतले निदान साठ डॉक्टर असंच चौथ्या दिवशी घरी पाठवतात.

कुंदन विचारतो की वहिनीसाहेबांना त्याचा नमस्कार कळवला का. कळवला. तीस वर्षं माझा कंपाउंडर आहे, पण ऐकतो तुमचंच.

आपला,
हरिहर

---

अमरावती, ३ मार्च २०२४

प्रिय हरिहरभाऊजी,

तुमची दोन पानं मिळाली. सुंदर झालीत. ती छापायला देणार तोच तिवस्याहून एक पत्र आलं, ते तुम्हाला कळवायलाच हवं.

लिहिणारी डॉ. आकांक्षा. तिवस्याला दोन वर्षांपासून डोळ्यांचा दवाखाना चालवते, घरची शेतीवाडी आहे, आपला अंक नियमित वाचते. तिच्याकडे पार्वताबाई नावाच्या बाई चष्म्यासाठी आल्या. साठीच्या आहेत. डाव्या बुबुळावर फूल पडलेलं, म्हणजे जुन्या जखमेचा पांढरा डाग. त्या डोळ्याने फक्त उजेड कळतो. बाईंनी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये जपून ठेवलेला कागद काढला. कागद तुमच्या दवाखान्याचा, साल २०१३. तेव्हा त्या मूर्तिजापूरला मुलीकडे कापूस वेचायला गेल्या होत्या, तिथून अकोल्याला तुमच्याकडे आल्या. कागदावर क्रमांक ३७.

आकांक्षाने तुमच्या लेखाचा शेवटचा तक्ता काढून पाहिला. ३७ समोर लिहिलंय, बरा. ती फार नम्रपणे विचारते की हा दुसरा कुठला ३७ आहे का.

असेलच. पण मला कळवा, म्हणजे तिला उत्तर देते.

सरोजिनीवहिनी

---

अकोला, ९ मार्च २०२४

ती. वहिनीस,

दुसरा ३७ नाही. पण अकरा वर्षांत एखाद्या बाईच्या डोळ्याला काय काय होऊ शकतं! दुसरी काडी गेली असेल, कुणा भोंदूने काही पिळलं असेल. दोन वर्षांचा दवाखाना असलेल्या मुलीने माझा तक्ता तपासावा, आणि तुम्ही ते मला कळवावं, याचं वाईट वाटलं. स्पष्टच लिहितो, फार वाईट वाटलं.

पार्वताबाई मला आठवतात. चौथ्या दिवशी जखम उत्तम दिसत होती. त्यानंतर त्या परत आल्याच नाहीत. आपल्याकडे बरा झालेला माणूस दवाखान्याची पायरी पुन्हा चढतो का? दुखलं असतं तर आल्या असत्या.

दोन पानं आहेत तशी छापा.

हरिहर

---

अमरावती, १४ मार्च २०२४

प्रिय हरिहरभाऊजी,

रागावून पत्र लिहिलंत, तरी त्यात एक वाक्य अगदी खरं लिहून गेलात. परत आल्याच नाहीत. मी ते चारदा वाचलं.

एकेचाळीस बरे झाले असं आपण छापलं. त्यांपैकी पंधराव्या दिवशी तुम्ही डोळ्यांनी पाहिले किती, आणि परत आले नाहीत म्हणून बरे धरले किती? एवढा एकच आकडा मला हवा आहे.

तुम्हाला खोटं ठरवायला मी बसलेली नाही. पण ते साठ डॉक्टर आजही चौथ्या दिवशी माणसं घरी पाठवतायत. आत्ता तूर सोंगून झाली, गहू-हरभरा निघतोय, काड्या डोळ्यांत जातच असतील. त्यांतले काही जण परत येणार नाहीत, आणि तिथलेही डॉक्टर म्हणतील, बरा झाला.

यादीचं मला माहीत आहे. आपल्या सगळ्यात नावाजलेल्या लेखात चूक निघाली, तर सप्टेंबरात समिती काय म्हणेल तेही कळतं. तरी आकडा कळवा.

सरोजिनीवहिनी

---

अमरावती, २० मे २०२४

प्रिय हरिहरभाऊजी,

दोन महिने झाले, तुमचं पत्र नाही. फोन केला तर कुंदनची बायको म्हणाली, साहेब आणि हे सकाळीच बाहेर पडले. रोज सकाळी बाहेर पडण्याइतकं माझं पत्र टाळायचं असेल, तर टाळा. उन्हाळी अंक मी अडवून ठेवलाय.

दरम्यान मी दादांचं कपाट उपसलं. तुमच्या लेखाचा हाताने लिहिलेला मूळ तक्ता सापडला. भाऊजी, त्यात तुम्ही कित्येक नावांसमोर काहीच लिहिलेलं नाही. रकाने रिकामे आहेत. आणि रिकाम्या रकान्यांत पेन्सिलीने, माझ्या अक्षरात, "बरा" लिहिलंय.

मग सगळं आठवलं. दादा तेव्हा परिषदेला गेले होते, अंक छपाईला जायचा होता. मी तुम्हाला फोन करून विचारलं की एवढे रकाने रिकामे दिसतायत, हे बरेच झाले असतील ना, भरू का? तुम्ही ऑपरेशनच्या घाईत होतात, म्हणालात, भरा. मी चाळीस वर्षं मुलांना शिकवलं की माहीत नसलेला आकडा माहीत नाही असाच लिहायचा. आणि तक्ता नीटनेटका दिसावा म्हणून मी स्वतः माणसं बरी करून टाकली. त्या रात्रीच्या जेवणात काय होतं तेही मला आठवतं, पण हे मात्र मी नऊ वर्षं सोयीने विसरले होते. मला फार लाज वाटली, अजून वाटतेय.

तुम्ही उत्तर द्या न द्या, चुकीची कबुली मी माझ्या नावाने छापणार आहे.

सरोजिनीवहिनी

---

तेल्हारा, २ जून २०२४

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र एस.टी. स्टँडवर बसून लिहितोय, अक्षर सांभाळून घ्या. तुमचं पत्र टाळायला नव्हे, तुम्हाला हवा होता तो आकडा शोधायला बाहेर पडत होतो.

आकडा सतरा. एकेचाळीसपैकी चोवीस जणांना मी पंधराव्या दिवशी पाहिलं होतं. सतरा परत आले नाहीत. तुमचं मार्चचं पत्र आल्यावर जुनं रजिस्टर काढलं आणि मोजलं. मग कुंदन म्हणाला, "साहेब, ते आले नाईत तं आपुन जाऊ." एवढं साधं मला अकरा वर्षांत सुचलं नव्हतं.

एप्रिलपासून फिरतोय. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, सोबत कुंदन आणि टॉर्च. अकोट, बाळापूर, दर्यापूर, आज तेल्हारा. पत्ते जुने, माणसं हललेली. सतरांपैकी एक वारला. दोघांचा पत्ता आज इथेही लागला नाही. चौदा भेटले. आधी तुम्हाला काही कळवलं नाही, कारण काय निघेल याची मला भीती वाटत होती.

चौदांपैकी नऊ जण ठणठणीत. दर्यापूरकडचे नत्थुजी तर माझ्यावरच डाफरले. "बरं झालं तं मंग काहून येऊ? तुमाले काय काम नाई काय?" आणि सुईत दोरा ओवून दाखवला, दुसरा डोळा झाकून.

पाच जणांच्या डोळ्यात फूल आहे.

पाचवं घर पार्वताबाईंचं. तिवस्याला डॉ. आकांक्षा सोबत आली. मी एवढं टाकून लिहिलं होतं तिच्याबद्दल, तुम्ही ते तिला कळवलंही असेल, पण तिने एका शब्दाने दाखवलं नाही. बाईंनी मला ओळखलं, खुर्ची पुसून दिली, चहा टाकला. मी विचारलं, दुखत होतं तर आल्या का नाहीत? आकांक्षाने त्यांचं उत्तर माझ्या कानाशी मोठ्याने सांगितलं. "डॉक्टरसाहेबानं एवढी मेहनत केली, आन माहाच डोळा नाई सुधरला. मले वाटलं, माह्याच हातून औषध चुकलं. कोनत्या तोंडानं येऊ?"

वहिनी, मी म्हणत होतो की दुखलं असतं तर आल्या असत्या. माझी लाज राखावी म्हणून त्या आल्या नाहीत. मला तिथेच रडू आलं. बाई म्हणाल्या, "चहात साखर कमी झाली काय?"

पण आता नीट वाचा. तिथून आकांक्षाच्या दवाखान्यात जाऊन मी आणि तिने चौदाही नावं पुन्हा चाळली. जे नऊ बरे झाले, त्या प्रत्येकाला थेंब टाकणारं घरात कुणीतरी होतं. बायको, सून, नत्थुजींची शाळेत जाणारी नात. ज्या पाच जणांना फूल पडलं, त्यांतले चार स्वतःच्या डोळ्यात स्वतः थेंब टाकत होते, आणि सहाव्या-सातव्या दिवशी शेतात गेले होते. पार्वताबाई मुलगी कामावर गेल्यावर दिवसभर एकट्याच असत. म्हणजे चौथ्या दिवशी घरी पाठवणं सरसकट चूक नाही. घरी कोण आहे हे न विचारता पाठवणं चूक आहे. चौदा माणसांवरून एवढं म्हणता येतं का, ते तुम्ही सांगा; तो प्रांत तुमचा.

आणि कबुली एकट्याच्या नावाने छापू नका. तुम्ही विचारलं होतंत, "भरा" मी म्हणालो होतो.

हरिहर

---

अमरावती, ९ जून २०२४

प्रिय हरिहरभाऊजी,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मी इथे कूलरसमोर बसून तुम्हाला टोमणे लिहीत होते, आणि तुम्ही पंचेचाळीस डिग्रीत गावोगाव फिरत होतात. माझं मेचं पत्र फाडून टाका. नको, शेवटचा भाग ठेवा, तो खरा आहे.

चौदांवरून नियम सांगता येत नाही, पण सावध मात्र करता येतं. म्हणून असं करू. उन्हाळी अंकाच्या पहिल्या पानावर तुमचा नवा लेख. लेखक तीन: तुम्ही, आकांक्षा आणि मी. त्यात सरळ लिहायचं की बावन्नपैकी बरे झालेले एकेचाळीस नव्हेत, पाहून खात्री केलेले तेहतीस आहेत. पाच जणांना फूल पडलं, तिघांचं कळत नाही, आणि अकरा जण बरे झाले नव्हते ते पूर्वीच छापलंय. रिकामे रकाने कुणी भरले तेही लिहायचं. समितीला अंक आपणच आधी पाठवायचा. ज्या साठ डॉक्टरांची नावं तुम्हाला ठाऊक आहेत, त्यांना मी उद्यापासून एकेक पत्र लिहिते: चौथ्या दिवशी घरी सोडायचं तर थेंब कोण टाकणार ते आधी विचारा, कुणी नसेल तर ठेवून घ्या.

आणि यापुढे आपल्या अंकात प्रत्येक तक्त्याला एक जादा रकाना. "परत आले नाहीत." तो रिकामा असला तरी चालेल, पण नसलेला चालणार नाही.

यादीत नाही आलो तर नाही आलो. दादांनी काढलेला अंक खोट्या तक्त्यावर पुढे गेलेला मला नको.

पार्वताबाईंच्या डोळ्याचं आता काही करता येतं का?

सरोजिनीवहिनी

---

अमरावती, ३० डिसेंबर २०२४

प्रिय हरिहरभाऊजी,

वर्षाची प्रगती कळवते. उलटी आहे, घाबरू नका.

यंदा लेख आले ७१, म्हणजे तेवीस कमी. जादा रकान्याचा नियम वाचून काही जणांनी पाठवलेले लेख मागे घेतले. दोघांनी रागाची पत्रं लिहिली, त्यांतलं एक तुमच्या मार्चच्या पत्राइतकं चांगलं होतं. यादीचा निर्णय समितीने एक वर्ष पुढे ढकलला. पुढचे चार अंक बघून ठरवणार आहेत. सोबत त्यांचं आणखी एक पत्र आहे. आपल्या जादा रकान्याचा नमुना त्यांनी मागितलाय, इतर नियतकालिकांना दाखवायला.

साठांपैकी एकेचाळीस डॉक्टरांची उत्तरं आली. (हाच आकडा यावा, याला काय म्हणावं! या वेळी मी पाकिटं दोनदा मोजली.) आणि ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते आता. आपल्याकडे पूर्वी छापलेल्या सहा लेखांच्या लेखकांनी आपणहून कळवलंय की आम्हीही न आलेल्यांना बरे धरलं होतं, आता शोधायला निघालोय. एक तर गोंदियाकडून. सहा दवाखान्यांतली माणसं जुनी रजिस्टरं घेऊन गावोगाव फिरतायत, भाऊजी. बारा वर्षांत एवढा आनंद मला कुठल्याच आकड्याने दिला नाही.

आकांक्षाला मी पुढच्या वर्षापासून सहसंपादक व्हायला सांगितलंय. ती म्हणाली, विचार करून सांगते. मी म्हटलं, उत्तर आलं नाही तर होकार धरणार नाही.

सरोजिनीवहिनी

---

अकोला, १६ फेब्रुवारी २०२५

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

जानेवारीच्या शेवटी नेत्रदानातून एक बुबुळ मिळालं आणि पार्वताबाईंच्या डोळ्यावर मी ते बसवलं, आकांक्षा मदतीला होती. या वेळी चौथ्या दिवशी घरी सोडलं नाही. दहा दिवस ठेवलं, तिवस्याला सोबत राहायला आलेल्या मुलीला थेंब टाकायला शिकवलं, मगच सोडलं. बारा फेब्रुवारीला सकाळी दहाला दाखवायला बोलावलं होतं.

दहा वाजले, अकरा वाजले, बाई नाहीत. वहिनी, मला बसवेना. बारा वाजता दवाखाना कुंदनवर सोडला आणि बडनेऱ्याची गाडी पकडून निघालो. या वेळी अकरा वर्षं वाट पाहायची नाही, एवढंच डोक्यात होतं. तिवस्याला पोचलो तर घराला कुलूप. आकांक्षाकडे गेलो. तिने फोनवर कुणाशी तरी बोलून मला कागदावर लिहून दिलं: "सर, त्या तुमच्याच दवाखान्यात बसल्यात."

त्या दोघी आदल्या दिवशीच मूर्तिजापूरला मुलीच्या घरी उतरल्या होत्या. गाडी उशिरा आली, साडेबाराला दवाखान्यात हजर. कुंदनने मला चार वेळा फोन केला म्हणे. चारही वेळा मी म्हणालो, "हो हो, निघालोच आहे."

तिकडे बाई पाच वाजेपर्यंत डबा उघडून बसल्या. मग कुंदनला म्हणाल्या, "मी तं आली. साहेबच नाई आले. लिवा वहीत." आणि त्याने लिहिलं. तुमचा तो जादा रकाना मी आमच्या वहीतही आखलाय; त्यात, "परत आले नाहीत" खाली, माझं नाव, तारखेसकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पुन्हा आल्या, मी जागेवर होतो. नवं बुबुळ स्वच्छ आहे. अजून धूसर दिसतं, वर्षभर जपावं लागेल, पण तीन मीटरवरून त्यांनी माझी बोटं बरोबर मोजली. मग जवळ येऊन माझा चेहरा बघितला आणि म्हणाल्या, "तुमी लयच वाळले, साहेब." मला यंत्राशिवाय ऐकू आलं. त्यांच्यासमोर मी ती नोंद वाचली, आणि कुंदनला सांगितलं, खोडायची नाही.

यंत्र आजपासून कानातच आहे. फोन करून पाहा. आणि या वर्षीच्या आकड्यांत मला कुठल्या रकान्यात धरायचं, ते तुम्ही ठरवा.

आपला, परत आलेला,
हरिहर